लोकल, बस, मेट्रोतलं अश्लील वर्तन: तक्रार कुठे, कशी, आणि 'एनसी'वर (अदखलपात्र नोंदीवर) समाधान का मानू नये? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बावीस वर्षं मुंबईच्या लोकलने जाते-येते. त्यातली गेली सात-आठ वर्षं डब्यातल्या कुणा ना कुणाबरोबर रेल्वे पोलिसांच्या चौकीत जाऊन बसायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलंय. मी वकील नाही. पण तेच तेच प्रश्न येतात आणि तीच तीच उत्तरं मी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर टाइप करत बसते, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फॉरवर्डमध्ये अजून विनयभंगाची जुनी कलमं ३५४ आणि ५०९ फिरतात, ते आकडे आता विसरा.

नक्की कशाकशाची तक्रार होऊ शकते? 'एवढ्याशा'साठी पोलीस काय करणार?

'एवढंसं' हा शब्द बहुतेक वेळा आपलाच असतो, कायद्याचा नाही. विनयभंगाच्या हेतूने अंगाला हात लावला, मागून घसटला, चिमटा काढला तर कलम ७४ लागतं. शिक्षा कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि गुन्हा अजामीनपात्र. लैंगिक शेरेबाजी, नको ती मागणी, मोबाइलवर अश्लील व्हिडिओ लावून मुद्दाम समोर धरणं हे कलम ७५ मध्ये येतं. शेरेबाजीला एक वर्षापर्यंत, बाकीच्याला तीन वर्षांपर्यंत. रोज त्याच गाडीला, त्याच पुलावर मागे मागे येणं म्हणजे पाठलाग, कलम ७८.

समोरच्या सीटवर बसून पॅंटची चेन उघडणारे, दारात उभं राहून घाणेरडे हावभाव करणारे, बाजूच्या जनरल डब्याच्या जाळीतून लेडीज डब्याकडे बघत नको ते करणारे, यांच्यासाठी कलम ७९ आहे. शब्द, हावभाव, एखादी वस्तू किंवा अवयव दाखवणं असं काहीही, पण बाईच्या विनयाचा अपमान करायच्या हेतूने केलेलं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. त्याच्या जोडीला सार्वजनिक जागी अश्लील कृत्याचं कलम २९६ लावता येतं. लक्षात घ्या, ७९ साठी त्याने हात लावलेला असायची गरज नाही. "त्याने मला स्पर्श नाही केला हो" म्हणून परत फिरलेल्या किती जणी मी पाहिल्यात.

जिन्यावर मागून मोबाइल खाली धरून फोटो काढणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई लागतं. 'ती तर सार्वजनिक जागा होती' ही सबब तिथे चालत नाही.

पीक अवरला सगळेच एकमेकांना चिकटलेले असतात. चुकून लागलेला हात आणि मुद्दाम लावलेला, पोलिसांना कसा पटवायचा?

तुम्हाला पटलंय ना? मग सुरुवात तिथून. चुकून लागलेला हात गाडीच्या धक्क्याबरोबर येतो आणि जातो. मुद्दामचा हात धक्का नसतानाही तिथेच असतो, तुम्ही सरकलात की तोही सरकतो. जबाबात हेच सांगायचं: मी डावीकडे सरकले, तो सरकला, मी बॅग मध्ये धरली, त्याने हात बॅगेखालून आणला, मी "नीट उभे राहा" म्हटलं, तरी थांबला नाही. हेतू सिद्ध होतो तो अशा बारीक तपशिलांनी. 'त्याने माझा विनयभंग केला' या एका ओळीने काहीच सिद्ध होत नाही.

त्या क्षणी अंग गार पडतं. काय करायचं असतं?

अंग गार पडणं हा तुमचा दोष नाही. माझंही पडलंय. पहिल्यांदा झालं तेव्हा तीन स्टेशनं गेली तरी तोंडातून शब्द फुटला नव्हता. जमलं तर मोठ्याने आणि नेमकं बोला. नुसतं "अहो!" ऐकून कुणी मान वर करत नाही. "चेक्स शर्टवाले, हात काढा" म्हटलं की वीस माना वळतात. ते वीसही जण पुढे साक्षीदार होऊ शकतात.

त्यानंतरची दहा मिनिटं महत्त्वाची. गाडी कुठली होती (८.१२ ची कल्याण फास्ट, असं सगळं), डबा कितवा, कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये घडलं, तो कुठे उतरला, कुठल्या बाजूला गेला, पूल चढला की इंडिकेटरकडे वळला. डब्यावर आत-बाहेर आकडे रंगवलेले असतात, तो नंबर मोबाइलवर टिपून घ्या. सीसीटीव्हीतून माणूस शोधताना पोलीस याच गोष्टी विचारतात, आणि रात्री घरी जाऊन आठवायला बसलं की नेमकं हेच आठवत नाही. स्वतःलाच एक व्हॉइस मेसेज पाठवून ठेवणं सगळ्यात सोपं. त्यावर वेळही आपोआप पडते.

आणि शेजारच्या बाईचा फोन नंबर. फक्त एकीचा. ती नंतर आली नाही तरी चालेल, पण नंबर घेतलेला बरा.

साखळी ओढू का?

जीवावर बेतलं असेल, कुणी ओढत नेत असेल तर जरूर ओढा. पण गर्दीच्या वेळी दोन स्टेशनांच्या मध्ये लोकल थांबली की लोक रुळांवर उड्या मारतात, आणि ज्याला पकडायचं तोही त्याच उडीत निसटतो. पुढचं स्टेशन बहुतेक वेळा तीन-चार मिनिटांवर असतं. फलाटाला लागल्यावर आरडाओरड केलेली जास्त उपयोगी पडते, कारण तिथे पोलीस असतात आणि कॅमेरेही. काही नव्या गाड्यांच्या लेडीज डब्यात गार्डशी बोलायचं बटण असतं. ते कुठे आहे हे एखाद्या निवांत दुपारी शोधून ठेवा.

फोन कुठला लावायचा? चार-चार नंबर ऐकलेत.

रेल्वेत असाल तर १५१२, तो रेल्वे पोलिसांचा. १३९ हा रेल्वेचा स्वतःचा नंबर, पूर्वीचा १८२ त्यातच गेला. बस, मेट्रो, रस्ता, रिक्षा, कुठेही असाल तर ११२. एकच लक्षात ठेवायचा असेल तर ११२ ठेवा. मूल असेल तर १०९८. फोनवर आधी जागा सांगा, मग गोष्ट. "दादर, फलाट तीन, पुढचा पूल" हे पहिलं वाक्य, कारण लाइन कधी तुटेल सांगता येत नाही.

स्टेशनवर दोन प्रकारचे पोलीस दिसतात. कुणाकडे जायचं?

खाकीतले दोघेही असतात, त्यामुळे घोळ होतो. आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, केंद्राचं. ते माणसाला पकडू शकतात, रेल्वे कायद्याखाली कारवाई करू शकतात. कलम १४५ म्हणजे दारू पिऊन धिंगाणा, अश्लील वर्तन, शिवीगाळ. कलम १६२ म्हणजे बायकांच्या डब्यात घुसलेला पुरुष. जीआरपी म्हणजे लोहमार्ग पोलीस, हे महाराष्ट्र पोलिसांचेच. न्याय संहितेखालचा एफआयआर जीआरपीच नोंदवते.

याचा व्यवहारात अर्थ असा की आरपीएफच्या जवानाने त्याला पकडून १६२ खाली दंड लावला आणि "झालं ताई, कारवाई केली" म्हटलं, तर तिथे थांबू नका. १६२ चा दंड फार तर पाचशे रुपये. डब्यात चढल्याबद्दलची ती पावती झाली. त्याने जे केलं त्याची नोंद अजून बाकीच आहे. जवानाला म्हणा, त्याला जीआरपीच्या ताब्यात द्या. ते देतात.

जीआरपीची ठाणी प्रत्येक स्टेशनात नाहीत. मध्य मार्गावर सीएसएमटी, दादर, कुर्ला, ठाणे, डोंबिवली, कल्याण. पश्चिमेला चर्चगेट, मुंबई सेंट्रल, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, वसई रोड. हार्बरला वडाळा, वाशी, पनवेल. मधल्या स्टेशनांवर चौकी किंवा नुसता बंदोबस्त असतो.

घडलं मुलुंडजवळ, मी उतरले दादरला. आता म्हणतात 'आमच्या हद्दीत येत नाही'.

हद्द हा तुमचा प्रश्न नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) कलम १७३ स्पष्ट सांगतं की गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायचीच. याला बोलीत 'झिरो एफआयआर' म्हणतात. ते शून्य क्रमांकाने नोंदवतात आणि कागद योग्य ठाण्याकडे पाठवतात. पाठवायचं काम त्यांचं. "तुम्हीच तिकडच्या पोलीस ठाण्यात जा" म्हटलं तर शांतपणे म्हणा, "झिरोने घ्या ना साहेब." हा शब्द माहीत असलेल्या माणसाशी बोलण्याचा सूर लगेच बदलतो, हा माझा अनुभव.

'एनसी घेतो' म्हणाले. एनसी म्हणजे तक्रार झाली ना?

नाही. एवढा सगळा खटाटोप करून लिहायला बसले ते या एका प्रश्नासाठी.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. एनसी घेतल्यावर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. रजिस्टरमध्ये चार ओळी होतात, तुम्हाला एक चिठ्ठी मिळते, आणि गोष्ट तिथेच झोपते. पण वर सांगितलेली सगळी कलमं, ७४, ७५, ७८, ७९ आणि २९६ सुद्धा, दखलपात्र आहेत. म्हणजे त्यांची एनसी होऊच शकत नाही. मग होते कशी? तुमची हकिगत पातळ करून.

नवी संहिता आल्यानंतरची गोष्ट. आमच्या डब्यातली एक पोरगी, एकोणीस वर्षांची, नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. पुलावरच्या गर्दीत एका माणसाने तिला मागून दाबलं आणि हात घातला. कुठल्या चौकीत गेलो ते सांगत नाही. हवालदार चांगला होता. तिला खुर्ची दिली, चहा मागवला, "बाळा, घाबरू नको" म्हणाला. अर्ध्या तासाने चिठ्ठी हातात दिली. मी चष्मा लावून वाचली. लिहिलं होतं: 'अनोळखी इसमाने धक्का मारून शिवीगाळ केली.' खाली कलम ३५२. ते शांतताभंगासाठी केलेल्या अपमानाचं कलम, अदखलपात्र. तिने शिवीचा शब्दही उच्चारला नव्हता!

मी म्हटलं, "दादा, ती हात घातला म्हणतेय, शिवी कुठून आली?" तो म्हणाला, "ताई, लहान मुलगी आहे, कोर्टकचेरीत कशाला अडकवताय?" त्याला खरंच तसं वाटत होतं, यात मला शंका नाही. पण त्याच्या दयेने तिचा गुन्हा कागदावरून पुसला जात होता. आम्ही सही केली नाही. ठाणे अंमलदार कोण आहेत विचारलं, तासाभराने एक महिला उपनिरीक्षक आल्या, आणि रात्री अकरा-चाळीसला कलम ७४ खाली एफआयआर झाला. चहा तोवर साय धरून गार झाला होता.

तेव्हा सही करण्याआधी दोन गोष्टी बघा. वर 'प्रथम खबर' (म्हणजे एफआयआर) लिहिलंय की 'अदखलपात्र', आणि तुम्ही बोललात तेच वाक्य त्यात आहे की नाही.

एफआयआर घेतच नाहीत. मग?

ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना भेटा. तेही नाही म्हणाले तर हकिगत लिहून उपायुक्तांकडे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा (जिल्ह्यात असाल तर पोलीस अधीक्षकांकडे), त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. या सगळ्या पायऱ्या कलम १७३ मध्येच आहेत. विनयभंगाची खबर नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसावर न्याय संहितेच्या कलम १९९ खाली गुन्हा होऊ शकतो, सहा महिने ते दोन वर्षं. हे वाक्य धमकीसारखं फेकू नका, पण माहीत असू द्या.

'लेखी अर्ज देऊन जा' म्हणाले तर अर्ज द्या, मात्र दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे रद्दी.

एक नवी पळवाट, जी कधी कधी खरोखर कायदेशीर असते: 'प्राथमिक चौकशी'. तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आधी चौकशी करता येते, पण ती १४ दिवसांत संपवावी लागते. तेव्हा विचारा: परवानगी कुणी दिली, आणि चौदावा दिवस कुठला? तारीख डायरीत लिहून ठेवा.

जबाब कोण घेतं? मला पुरुष पोलिसासमोर बोलायला अवघड जातं.

७४ ते ७९ या कलमांची खबर बाईने दिली तर ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची, असा नियम आहे. हजर नसेल तर बोलावून घेतात. थांबायची तयारी ठेवा, सोबत कुणाला तरी घेऊन जा. लिहून झालं की तुम्हाला वाचून दाखवायला हवं, आणि प्रत फुकट मिळायला हवी. वाचून दाखवताना मान डोलवू नका, थांबवा, दुरुस्त करा. 'छेडछाड' हा शब्द आला की मी तरी खोडायला सांगते. त्यातून काय केलं ते कळतच नाही.

ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती धरली जात नाही.

तो गर्दीत पळाला. चेहरा अर्धाच दिसला. तक्रारीला अर्थ आहे का?

आहे. अनोळखी इसमाविरुद्ध एफआयआर होतो. मुंबईच्या स्टेशनांवर कॅमेरे भरपूर आहेत, रोज तीच गाडी पकडणारा माणूस बऱ्याचदा पुन्हा त्याच फलाटावर येतो, आणि पोलीस साध्या कपड्यांत तिथे उभे राहतात. माणूस मिळतो तो या कंटाळवाण्या पद्धतीने. मात्र रेकॉर्डिंग कायमचं साठवत नाहीत, जुनं पुसून त्यावर नवं चढतं. त्यामुळे 'रविवारी जाऊ' करू नका. एफआयआरमध्येच लिहून घ्या की अमुक फलाटाचं, अमुक वेळेचं फुटेज जतन करावं.

चेहरा अर्धाच पाहिला असेल तर तेवढंच सांगा. पुढे ओळख परेड होऊ शकते. तुरुंगात मॅजिस्ट्रेटसमोर, सारख्या दिसणाऱ्या लोकांच्या रांगेत उभं करून. जे पाहिलं नाही ते आत्ता भरून सांगितलं, तर तेच पुढे उलटतपासणीत बाहेर काढतात.

मी त्याचा व्हिडिओ काढलाय. इन्स्टावर टाकू का? मग तरी पकडतील!

मोह कळतो. पण ओळख परेडच्या आधी त्याचा चेहरा गावभर फिरला तर त्याचा वकील कोर्टात उभा राहून एवढंच म्हणतो, "फिर्यादीने आरोपीला व्हिडिओत पाहून ओळखलं." ओळख परेडचा जीवच जातो. शिवाय माणूस चुकीचा निघाला तर तुमच्यावरच बदनामीचा दावा. व्हिडिओ पोलिसांना द्या, मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली फाइल दाबली जाते, तिचे मूळ तपशील जातात. पोलीस पुरावा म्हणून फोन मागू शकतात, तेव्हा पंचनाम्याची प्रत घ्यायला विसरू नका.

डब्यातल्या लोकांनी त्याला चोप दिला. चालेल ना?

स्वतःला सोडवण्यासाठी तुम्ही त्याला ढकललंत, पर्स मारलीत, तर तो स्वसंरक्षणाचा हक्क. तो पकडला गेल्यावर दहा जणांनी मिळून बडवणं हा वेगळा गुन्हा. मग चौकीत दोन तक्रारी उभ्या राहतात आणि तुमची मागे पडते. शिवाय गर्दीत चुकीच्या माणसाला मार बसलेला मी पाहिलाय. कॉलेजचा पोरगा होता, नाक फुटलं होतं, आणि खरा माणूस केव्हाच उतरून गेला होता. धरा, मारू नका.

बेस्टच्या बसमध्ये घडलं तर?

कंडक्टर असेल तर त्याला मोठ्याने सांगा, बस पोलीस ठाण्याकडे घ्यायला लावा. दारं बंद ठेवून बस थेट ठाण्यात नेल्याच्या घटना मुंबईकरांना नव्या नाहीत, आणि जुन्या कंडक्टरांना ती रीत पाठ असते. हल्ली बऱ्याच फेऱ्या विनावाहक असतात, तिथे ड्रायव्हरलाच सांगावं लागतं. बसचा नोंदणी क्रमांक आणि मार्ग क्रमांक दोन्ही टिपा. तिकीट टाकू नका, त्यावर वेळ असते. गुन्हा शहर पोलिसांकडे, जिथे उतरलात तिथल्या ठाण्यात. जीआरपीचा इथे संबंध नाही. मुंबईत प्रत्येक ठाण्याचं निर्भया पथक आहे, पुण्यात दामिनी पथक. दोन्हीकडे ११२ वरून पोचता येतं. एसटीलाही हेच लागू.

आणि मेट्रोत?

मेट्रो म्हणजे रेल्वे नव्हे. २०१४ ला घाटकोपर–वर्सोवा सुरू झाल्यापासून हा गोंधळ चालू आहे. मेट्रोतला गुन्हा शहर पोलिसांकडे जातो, स्टेशनच्या जवळचं जे ठाणं असेल तिथे. स्टेशनात जे असतात ते सुरक्षा कर्मचारी. त्यांना सांगून त्या माणसाला फाटकाबाहेर पडू न देणं एवढं नक्की साधता येतं, कारण फाटकाशिवाय बाहेर पडायला वाट नाही. लोकलमध्ये ही सोय नाही! मेट्रो कायद्याच्या कलम ५९ मध्ये अश्लील वर्तनाला पाचशे रुपयांपर्यंत दंड आणि गाडीतून उतरवण्याची तरतूद आहे. वर आरपीएफच्या दंडाबद्दल जे म्हटलं तेच इथेही: दंड घेतला म्हणून एफआयआर सोडू नका.

माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला शाळेतून येताना त्रास झाला. तिला चौकीत न्यावं लागेल?

नाही. अठरा वर्षांखाली पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा लागतो. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, साध्या वेशातल्या पोलिसाने, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. आईवडील सोबत असू शकतात. नाव, शाळा, फोटो काहीही छापता येत नाही. मुलग्यांनाही हाच कायदा तितकाच लागू आहे, आणि मुलगे घरी सांगत नाहीत, हे आयांनो ध्यानात ठेवा.

कपड्यांवरून हात लावला तर पॉक्सोखाली लैंगिक हल्ल्याचा गुन्हा होत नाही, असं काही जण अजून सांगतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा तसा निकाल जानेवारी २०२१ मध्ये आला होता खरा. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कातडीला कातडी लागायची अट नाही.

पॉक्सोत कळवणं हे ऐच्छिक नाही, ते बंधन आहे. कळूनही न कळवणं हाच गुन्हा.

पुरुषांसोबत असं झालं तर? तृतीयपंथी व्यक्तीसोबत?

इथे कायदा तोकडा आहे, हे मान्य करावं लागतं. ७४ आणि ७९ फक्त बायकांसाठी. प्रौढ पुरुषाला सार्वजनिक अश्लीलतेचं २९६, रेल्वेत १४५, दुखापत झाली असेल तर त्याचं कलम, एवढंच हाताशी राहतं. जुन्या दंड संहितेतलं 'अनैसर्गिक' संभोगाचं कलम ३७७ नव्या संहितेत आलंच नाही. तरी तक्रार करा, २९६ दखलपात्र आहे. तृतीयपंथी व्यक्तींसाठी त्यांच्या हक्कसंरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याचं कलम १८ आहे, सहा महिने ते दोन वर्षं. चौकीत हसणारे भेटतात, म्हणून सोबत कुणीतरी असावं.

दारात चिकटून उभ्या असलेल्या जोडप्याची तक्रार करता येईल का?

हा प्रश्न हमखास येतो, बहुतेक वेळा काकांकडून. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११० सार्वजनिक असभ्य वर्तनासाठी आहे, दंड १,२०० रुपयांपर्यंत. २०१५ मध्ये मढ-मार्वे भागातल्या हॉटेलांमधून जोडप्यांना पकडून हेच कलम लावलं, तेव्हा पोलिसांवर चहूबाजूंनी टीका झाली. माझं मत विचाराल तर दोघांच्या मर्जीने हातात हात धरलेला असेल तर पेपर वाचा. हे पान ज्यांच्या मर्जीविरुद्ध काही झालंय त्यांच्यासाठी आहे.

मी फक्त पाहिलं. माझ्याशी झालेलं नाही.

तरी खबर देता येते, कुणीही देऊ शकतं. पण आधी तिला विचारा, "मी सोबत येऊ का?" बऱ्याचदा एवढ्यानेच ती चौकीची पायरी चढते.

माझं नाव पेपरात येईल का? पासपोर्टला, नोकरीला अडेल?

तुम्ही फिर्यादी आहात, आरोपी नव्हे. पासपोर्टच्या पडताळणीत आरोपीवरचे गुन्हे बघतात. एफआयआर पोलिसांच्या साइटवर चढतात, पण २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील एफआयआर चढवायचे नसतात. तरीही सही करताना एकदा तोंडी आठवण करून द्या. वार्ताहर चौकीत घुटमळत असेल तर त्याच्याशी बोलायची सक्ती नाही.

तेव्हा तक्रार केली नाही. आता आठ महिने झाले.

७४ ला मुदतीचं बंधन नाही. ७९ ला तीन वर्षं. शेरेबाजीला आणि २९६ ला एक वर्ष. उशीर का झाला ते जबाबात सरळ लिहा: घरी सांगायची भीती, परीक्षा, नवी नोकरी. खरं कारण चालतं. कारणच न देणं चालत नाही.

कोर्टात किती खेटे?

वेळ लागतो, खोटं कशाला सांगू. तुमची साक्ष बहुतेक एकदाच होते, कधी उलटतपासणी दुसऱ्या तारखेला जाते. त्याआधी तारखा पडत राहतात, पण प्रत्येक तारखेला तुम्ही जायचं नसतं, समन्स आलं की जायचं. खटला सरकारी वकील चालवतात, फी नाही. आपला सल्लागार वकील हवा असेल तर बाईला उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, नंबर १५१००. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं. कळवत नाहीत. विचारावं लागतं.

जामिनावर सुटला आणि आता रोज त्याच फलाटावर दिसतो.

तुम्ही डबा बदलू नका. त्याच दिवशी तपास अधिकाऱ्याला फोन करा आणि पुरवणी जबाब द्या. जामिनात 'फिर्यादीशी संपर्क नको' अशी अट असेल तर ती मोडली म्हणून जामीन रद्द करायचा अर्ज सरकारी वकील करू शकतात. अट नसेल तरी तो मागे मागे येत असेल तर ७८ चा वेगळा गुन्हा होतो. त्यासाठी अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर एफआयआरच्या प्रतीवर पहिल्याच दिवशी लिहून घ्या. पोलिसांच्या बदल्या होत असतात, आणि मग "साहेब कोण होते?" या प्रश्नाचं उत्तर चौकीत कुणालाच आठवत नाही.